तांबडी माती आणि वरातीची घोडी

हॅलो?… हां, जय भीम, जय भीम. बोल कौसे… नाही, थांब. तू बोलायच्या आधी मी एक जाहीर करतो. चौऱ्याहत्तर वर्षांत या देहात सुई शिरलेली नाही आणि यापुढेही शिरणार नाही. घोडपदेवच्या तालमीत, तांबड्या मातीत घडलेलं शरीर आहे हे. रोगराई याच्यापुढून खाली मान घालून जा… आई गं! आई आई आई…

काही नाही. पाय स्टुलावरून घसरला.

हो, तोच पाय… उजवा… टाच. तुला कोणी सांगितलं?… दीपिकानं. वाटलंच मला. सून नाही, मुलगी म्हणून घरात आणली, आणि ती निघाली माझ्या बहिणीची खबरी.

शुगरसाठी बोट टोचतात ते?… ते बोट झालं कौसे. मी देहाबद्दल बोलतोय.

दंडावरचा देवीच्या लशीचा वण?… ती मला आठवत नाही. जी आठवत नाही ती धरायची नाही.

बरं बाई, सांगतो. पहिल्यापासून सांगतो. पण मधेमधे 'अरे देवा' करायचं नाही. एक तर आपल्यात ते चालत नाही, आणि मला सुचेनासं होतं… अगं ऐक ना! काल संध्याकाळी तालमीत गेलो होतो… बंदच आहे. वसंत वस्ताद गेले तेव्हापासून बंद. सात-आठ वर्षं झाली. आता तिथे जिम करणार आहेत. आरसे लावणार म्हणे चारी बाजूंनी. आम्ही वस्तादांचे डोळे बघून सुधारलो, ही पोरं स्वतःचेच दंड बघून सुधारणार… हो, हो, येतो मुद्द्यावर. तर कुस्तीच्या हौद्यातली माती उपसून डंपरमध्ये भरणार, असं कळलं. म्हटलं, जायच्या आधी आपली म्हणून बरणीभर आणावी… लोणच्याची बरणी. धुतलेली!

चप्पल? हौद्यात चप्पल घालून कोण उतरतं कौसे? दारात काढली, माती कपाळाला लावली आणि उतरलो. चार पावलं गेलो असेन, टाचेत कच्चकन् काहीतरी.

काच. सोड्याच्या बाटलीची. चांगली बोटाच्या पेरभर आत गेली होती… मीच काढली. ओढून.

आणि हेच मी दीपिकाला सांगतोय सकाळपासून! काच होती गं, लोखंड नव्हतं. गंजका खिळा लागला तर धनुर्वात, हे मलाही कळतं. काचेला गंज कधी चढलाय का? तूच सांग. तू छत्तीस वर्षं नर्स होतीस.

…काय म्हणतेस?… गंजाचा काही संबंधच नाही?

मग सगळी दुनिया खिळ्याला का नावं ठेवते?… अच्छा… खिळा मातीत पडलेला असतो म्हणून. आणि खोल टोचतो म्हणून. म्हणजे खरा आरोपी माती, आणि बदनामी लोखंडाची… बोल, बोल, ऐकतोय.

मातीत बिया असतात?… जंतूच्या. बियांसारखे. किती वर्षं टिकतात?… वर्षानुवर्षं! उन्हानं नाही मरत, सुकून नाही मरत… बरं. आणि जनावरांच्या पोटातून, शेणातून मातीत येतात. कळलं.

पण ती साधी माती झाली कौसे. आमची तालमीची. तुला माहीत नाही त्यात काय काय असायचं? ताक, हळद, लिंबू, गोडं तेल, कापूर. वस्ताद दर अमावस्येला स्वतः मळायचे. ती माती म्हणजे औषधच. मला ढोपराला लागलं, खांद्याला लागलं, कान फुटला, प्रत्येक वेळी त्यांनी काय केलं? मूठभर माती घेतली आणि दाबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हौद्यात.

मग काल मी काय करणार? तेच केलं.

…काय? दाबली म्हणजे कुठे?

दाबली म्हणजे… दाबली. जखमेत. रक्त थांबेपर्यंत. आणि वरून पंचा घट्ट बांधला… काल सहा वाजल्यापासून आहे. हललेला नाही. वस्तादांनी शिकवलेली गाठ आहे ती.

ओरडू नकोस. दीपिकाला तिकडे स्वयंपाकघरात ऐकू जातंय, ती मान डोलावतेय.

हवा लागत नाही हे चांगलंच ना?… वाईट? हवा नसली की त्या बिया उगवतात?… म्हणजे खोल जखम, आत माती, वरून गाठ… अगं मग मी त्यांची शेतीच करून दिली म्हण ना.

नाही, हसत नाहीये. जरा घसा साफ केला.

हे बघ, ती माती स्वच्छ होती. तालीम बंद असली तरी कडीकुलूप आहे, मीही चावी मागून आत गेलो. आत माणूस जात नाही. फक्त तो वरातीवाला त्याची घोडी बां…

काही नाही.

काही नाही म्हटलं ना.

अगं एकच घोडी. राणी नाव आहे. गरीब आहे बिचारी. आणि ती काय टांग्याची नाही, वरातीची आहे! अंगावर मखमलीची झूल, डोक्याला तुरा, रोज नवीन हार. लोक तिच्याबरोबर फोटो काढतात… तीन वर्षं बांधतो तो तिथे… हौद्यातच. माती मऊ असते ना, तिच्या खुरांना बरं.

लीद करत असेलच की. झूल घातली म्हणून करायची राहते थोडी… घोड्याच्या लिदेत जास्त असतात? त्याच बिया?… ताक-हळदीचं काय मग?… आठ वर्षांपूर्वीचं ताक. हो. तेही खरंच म्हणा.

बरं समज, शिरला जंतू. पुढे काय? मला आत्ता तर काही होत नाहीये. दुखतंय तेवढंच. ताप नाही, काही नाही. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या… लगेच होतच नाही? मग कधी?… आठ दिवस, दहा दिवस, कधी तीन आठवडेही. तोवर जखम भरून आलेली असते. हा काय चोर आहे की काय, घर झोपायची वाट बघणारा?

तो स्वतः टाचेतच राहतो… आणि विष सोडतो. ते विष नसांमधून वर… पाठीच्या कण्यापर्यंत. टाचेपासून एवढं चालत जातं?… मग?

जरा सावकाश सांग, मी पैलवान आहे, डॉक्टर नाही… स्नायूंना आवळ म्हणणारे निरोप जातात, पण सोड म्हणणारे निरोप पोचतच नाहीत. म्हणजे असं बघ, कुस्तीत पंचांनी शिट्टी मारली की पकड सोडायची असते. इथे शिट्टीच बंद. पकड घेतलेली घेतलेलीच… बरोबर बोललो ना? बघ! नर्स व्हायला हवं होतं मी.

पहिला जबडा धरतो. तोंड उघडत नाही… थांब, उघडून बघतो. आऽऽ… उघडतंय. पूर्ण उघडतंय… दीपिका म्हणतेय, ते कधी बंद नव्हतंच.

मग मान… मग पोट, पाठ. डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला टेकलेल्या आणि मधलं अंग धनुष्यासारखं वर… अगं हा तर ब्रिज! चितपट होऊ नये म्हणून आम्ही घालायचो तो! मी पाच-पाच मिनिटं धरायचो, वर छातीवर माणूस बसवून…

सुटत नाही?

मिनिटभर जरा सैल, परत झटका… कशानं?… उजेडानं. आवाजानं. चमचा पडला तरी. म्हणून अंधाऱ्या शांत खोलीत ठेवतात… घोडपदेवमध्ये शांत खोली? आमच्या डोक्यावर बँजोवाले राहतात कौसे, त्यांची वर्षभर प्रॅक्टिस असते. या भागात तो रोग स्वतःच कंटाळून… नाही, नाही, सॉरी. बोल. ऐकतो.

शुद्ध असते? पूर्ण वेळ? सगळं कळत असतं माणसाला?

तुझ्या वॉर्डात होता?… कधी?… गोदीत हमाली करायचा. केवढा होता?… माझ्याएवढा. मी तेव्हा केवढा होतो ते आठवतंय ना तुला? दारातून आडवा जायचो… मग काय झालं त्याचं?

नको. जाऊ दे. सांगू नकोस.

बरं, मी काय म्हणतो. आठ दिवस वाट बघू. जबडा जरा जरी धरल्यासारखा वाटला तर मी स्वतः चालत परळच्या हॉस्पिटलात जाईन. शब्द देतो. पैलवानाचा… उशीर कसा? औषध आहे ना त्याच्यावर?… विष एकदा नसेत शिरलं की बाहेर काढता येत नाही. इंजेक्शन फक्त रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं. आत बसलेलं उतरायची वाटच बघायची… आठवडेच्या आठवडे. स्नायू सैल करायची औषधं, अँटिबायोटिक, जखम कापून साफ करायची, आणि छातीचे स्नायू आवळले तर गळ्याला भोक पाडून मशीनवर श्वास.

आणि एवढं सगळं करून बरा झालेला माणूस… त्याला पुन्हा होऊ शकतो? त्यालाही लस घ्यावीच लागते? हा कसला नियम आहे! कांजिण्यांना तरी लाज असते, एकदा येतात आणि तोंड दाखवत नाहीत.

आत्ता? आत्ताच्या आत्ता सोडू?… तू फोनवर आहेस तर मग थांब. मोरीत जातो. फोन शर्टाच्या खिशात ठेवतो, स्पीकर चालू करून… दीपिका, हे कुठे दाबायचं?… हां. ऐकू येतंय? मोठ्यानं बोल. नको, एवढं मोठ्यानं नको, शेजारी समजतील तूच माहीमहून चालत आलीस.

सोडतोय… गाठ सुटत नाहीये. म्हटलं ना, वस्तादांची… दीपिका, कात्री दे. वस्ताद, माफ करा.

हं. सुटला. आता माती… चिकटलीय. सुकून दगड झालीय… नळाखाली धरू? धार मोठी?… धरलाय. आई गं… साबण कुठला, अंगाचा चालेल?… आई आई… जातेय माती. तांबडं पाणी आहे नुसतं. रक्त नाही गं, मातीचाच रंग.

नखानं नाही उकरत. पाण्यानंच जाऊ दे म्हणालीस ना, तेच करतोय.

थांब.

कौसे, आत काहीतरी आहे… काडी आहे. गवताची. जखमेत, आत… बारीक चाऱ्याची काडी, तिला हिरवट… हो. तेच असणार. राणीचंच.

वास? आता तू विचारलंस म्हणून येतोय.

…हॅलो? हो, आहे. स्टुलावर बसलो. दीपिकानं पायाला धुतलेला कपडा गुंडाळला, सैल. हो, सैल, ती तुझ्याच शाळेतली आहे.

नाही गं, घाबरलो नाही. वाईट वाटलं. त्या मातीत मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून लोळलो. चाळीतल्या पोरांनी नावं ठेवली, जात काढली, तर वस्ताद म्हणायचे, ये आत, माती सगळ्यांना एकच रंग लावते. त्या मातीत लीद… आणि मीच ती स्वतःच्या टाचेत भरली. आता मी हॉस्पिटलात जाऊन काय सांगू? मला तालमीच्या मातीनं बाधलं? वस्तादांचं नाव घालवू? त्यापेक्षा जे व्हायचं ते…

काय?… आपला बाळ? कुठला बाळ?

तो. हो, आठवतो ना. तुला कुठून आठवणार, तू तीन वर्षांची होतीस. आपला धाकटा भाऊ, गावी झाला होता. नाव ठेवायच्या आधीच गेला.

सहाव्या-सातव्या दिवशी दूध ओढेना. आई त्याच्या तोंडाशी धरायची, तोंडच उघडायचं नाही. मुठी अशा घट्ट. चिमणी पेटवली की दचकायचा, अंग ताठ व्हायचं. म्हातारी माणसं म्हणाली नजर लागली. आई मरेपर्यंत म्हणायची, माझ्या दुधातच खोट होती… तू आत्ता हे का काढलंस?

…

धनुर्वात?

एवढ्याशा जिवाला? त्याला कुठे काय लागलं होतं, तो तर… नाळेतून.

हो. सुईणीनं कापली. आणि वर लावलं… कौसे, गोठ्यातली माती लावली. थंड असते म्हणाली. ती मी आणली होती. वाटीतून. मला म्हणाली, जा रे कोंड्या, गोठ्यातली मऊ माती घेऊन ये, बाळाच्या बेंबीला लावायचीय. मी पळत गेलो आणि पळत आलो. सगळे म्हणाले शहाणा आहे पोरगा.

तुला कधी कळलं हे?… नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी. वर्गात बाई शिकवत होत्या आणि तू वहीत लिहीत होतीस… आणि लिहिता लिहिता कळलं. पन्नास वर्षं झाली त्याला. मला कधी बोलली नाहीस.

वाटीमुळे. हं. वाटीचं तुला कोणी सांगितलं?… आईनं.

म्हणजे आईलाही सांगितलंस तू? दूध चांगलं होतं म्हणून?… काय म्हणाली?… नुसती भांडी घासत राहिली.

पण त्या रात्री तिनं तुला जवळ घेऊन… बरं. बरं केलंस सांगितलंस ते. तिला कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

मी सात वर्षांचा होतो कौसे.

हो. मला काय कळणार. हो… सुईणीलाही काय कळणार. हो गं. आणि वस्तादांनाही. ते काय मुद्दाम… त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी मनापासून केलं. तू म्हणतेस तेच.

रडत नाहीये. मोरीत साबणाचा फेस उडाला होता. आणि तू नाक ओढणं बंद कर, फोनमध्ये भसाभसा ऐकू येतं.

आता पोटुशी बाईला आधीच देतात? दोन इंजेक्शनं… म्हणजे आईला दिलं की पोटातल्या बाळालाही मिळतं, जन्मायच्या आधीच. वा. आणि नाळेला काही लावायचं नाही. काहीच नाही. कोरडी ठेवायची… मग लहानपणी पोरांना परत… दीपिकाच्या सम्यकचं सगळं झालंय, ती म्हणतेय कार्ड आहे. शाळेचं प्रगतिपुस्तक सापडत नाही, पण ते कार्ड कपाटात आहे.

माझं कार्ड? माझा जन्मदाखलाच शाळेतल्या मास्तरांनी अंदाजानं लिहिलाय, कार्ड कुठलं मागतेस.

म्हणून दोन्ही घ्यायला लागतील? दोन सुया? एका टाचेला?… अच्छा. एकात तयार औषध, विषाला आत्ताच्या आत्ता पकडणारं. आणि दुसरी लस, तिनं माझं शरीर स्वतः शिकणार, पण त्याला वेळ लागणार. थोडक्यात, आजच्या कुस्तीला भाड्याचा पैलवान, आणि तोवर घरचा पैलवान तयार करायचा. हे पटलं. हे आधी सांगितलं असतंस तर अर्धा तास वाचला असता.

आणि परत एक महिन्यानं. आणि परत सहा महिन्यांनी… आणि मग दर दहा वर्षांनी? म्हणजे त्यानंतरची सुई मी पंच्याऐंशीचा झाल्यावर? तेव्हा तू एक्क्याऐंशीची. आठवण तूच करायचीस. मला नाही राहणार लक्षात.

हो, जातो. आत्ताच जातो परळला, संध्याकाळी नाही. दीपिकानं हाफ डे घेतलाय, ती पर्स लावून दारात उभीच आहे… टॅक्सीनं. नाही, चालत नाही. हो, काच, माती, घोडी, सगळं खरं सांगेन डॉक्टरांना. काल सहा वाजता लागलं हेही सांगेन. राणीचं नावही सांगू का?… बरं, नुसती घोडी.

तू निघतेस? एवढ्या उन्हात माहीमहून कशाला? दीपिका आहे ना माझ्याबरोबर… बरं, ये. मोठ्या गेटपाशी उभी राहा. आतल्या लोकांना ओळख काढून दमात घेऊ नकोस हां, तू आता रिटायर आहेस.

कोण घाबरतंय? मी? अगं, घोडपदेवचा कोंडीराम आहे मी! माझं नाव घेतलं की समोरचा पैलवान लंगोट सोडून… हो, ठेवतो. ठेवतो म्हटलं ना.

कौसे. ठेवू नकोस, ठेवू नकोस. एक राहिलं.

काही नाही गं, म्हणजे… तू येतेच आहेस, तर… ती सुई टोचतील ना, तेव्हा तू जरा माझ्या डोळ्यांवर हात ठेवशील?… नाही, दीपिकाचा नको. तुझाच.